डायलिसिसचा गूळ

भिकन गुरुजींनी चष्मा नाकावर नीट बसवला, चिठ्ठी उजेडाकडे धरली आणि सगळ्या मंडळीसमोर खणखणीत आवाजात वाचली, "सुनील भोये यांचं डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा. चार वर्षं." मग चिठ्ठीची घडी घालून म्हणाले, "यासाठी आपण प्रभूचे उपकार मानू या."

"आमेन!" पत्र्याखाली बसलेली साठ-सत्तर माणसं एका सुरात म्हणाली. तोंडाला सवय असते. आमेन म्हणून झालं आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं की आपण कशाला आमेन म्हटलं. माना बायकांच्या बाजूला वळल्या. तिथं तिसऱ्या सतरंजीवर ललिता भोये बसली होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आता ही उपकाराची भानगड काय, ते आधी सांगायला हवं. नाशकात पेठ रोडला एका गल्लीच्या टोकाला ही ख्रिस्ती मंडळी भरते. बहुतेक सगळे पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून खाली आलेले. कोणी बांधकामावर, कोणी द्राक्षाच्या मळ्यात, कोणी चार घरची धुणीभांडी करणारं. हॉलच्या खिडकीत बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे ठेवलेले असतात, एकाच मापाचे. एकाच्या झाकणावर तेलरंगानं 'विनंती' लिहिलंय, दुसऱ्याच्या झाकणावर 'उपकार'. महिनाभर ज्याला जे सांगायचं असेल ते त्यानं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी गुरुजी सगळ्या चिठ्ठ्या वाचणार. विनंती असली की सगळे मिळून प्रार्थना करतात, झालं. उपकाराचं काम मात्र वाचून संपत नाही. ज्या घराची चिठ्ठी निघेल त्यांनी पुढच्या रविवारी गूळ-शेंगदाणे आणायचे, आपल्या हातानं सगळ्यांना वाटायचे आणि कशाचे उपकार ते आपल्या तोंडानं सांगायचं. शिवाय मधल्या आठवड्यात, ज्यांच्या हातून तो उपकार झाला त्यांनाही गूळ नेऊन द्यायचा, मग ती माणसं कुठल्या का देवाची असेनात. वर डोंगरात नवं भात घरात आलं की यांचे आईबाप असाच गूळ वाटायचे, तीच रीत ही मंडळी खाली घेऊन आली होती. वाचलेली चिठ्ठी मागं घेतल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

म्हणजे आता ललितानं गूळ वाटायचा. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्याचा!

उपासना संपली तशी ती पदर खोचून गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, मंडळीत वडीलधारे, त्यांच्यासमोर भलेभले आवाज खाली ठेवून बोलतात. ललितानं तसलं काही केलं नाही.

"गुरुजी, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. मी चिठ्ठी विनंतीत टाकली होती. विनंतीत! चार वर्षं तिथंच टाकते. माझ्या नवऱ्याचं रक्त आठवड्यात तीनदा अंगाबाहेर काढून धुतात, त्याचे उपकार मानू मी? तुम्ही मानाल का तुमच्या घरात असतं तर?"

गुरुजींनी शांतपणे डोक्यावरची टोपी सारखी केली. "चिठ्ठी वाचून झाली, ललिताबाई. आता गूळ तेवढा राहिला."

"गूळ गेला चुलीत! उभं राहून सांगा सगळ्यांना, चूक झाली म्हणून."

"अगं, आणू की गूळ," मागून आवाज आला. सुनील भिंतीला टेकून चपला घालत होता. एका हातानं चपला घालायला त्याला वेळ लागायचा, कारण डाव्या हातावर तो जोर देत नसे. "किलोभर पुरंल ना, गुरुजी?"

"तू गप बस," ललिता म्हणाली. डोंगरातल्या रीतीप्रमाणे ती नवऱ्याला अरे-तुरेच करायची. शेजारच्या बायका सुरुवातीला कान टवकारायच्या, आता त्यांनाही सवय झाली होती.

सुनील खरंच गप्प बसला, पण हसत होता. त्याचं हेच तिला सहन होत नसे.

चार वर्षांपूर्वीचा सुनील म्हणजे पिंपळगावच्या द्राक्षमळ्यांतला नावाजलेला छाटणीवाला. ऑक्टोबर लागला की बागायतदार त्याच्या दारात गाडी उभी करायचे. मग एका हंगामात पाय सुजले, तोंड सुजलं, शिडीवरून चढता-उतरताना दम लागायला लागला, आणि डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहून दिलं ते ललितानं निकिताकडून, तेव्हा आठवीत असलेल्या पोरीकडून, वाचून घेतलं. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहाला घर सोडायचं, चार तास मशीन, दुपारी परत. दिवसाला तीन छोटे पेले पाणी, त्यावर थेंब नाही. केळं नको, नारळपाणी नको, गूळ-शेंगदाणे तर लांबूनच बघायचे. उरलेले दिवस ललिता नाक्यावरच्या हॉटेलात भाकऱ्या थापायची. तिच्या थापण्याचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा, आणि ज्या दिवशी तो फार मोठा असे त्या दिवशी हॉटेलचा मालक तिला काही विचारायच्या भानगडीत पडत नसे.

या चार वर्षांत तिला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. गावाकडून थोरला दीर झिपरू आला आणि म्हणाला, बाप-आज्याचा देव सोडला, त्याचं हे फळ, अजून वेळ गेलेली नाही, परत फिरा. तिनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग मंडळीतल्याच एक-दोघी गोड आवाजात म्हणाल्या, ललिताबाई, विश्वास कुठंतरी कमी पडतोय बघा, नाहीतर एवढी प्रार्थना करून गुण आला असता. त्यांना तिनं चहासुद्धा पाजला नाही. पण झिपरूच्या बोलण्यापेक्षा हे बोलणं जास्त आत गेलं, कारण तिलाही कधीकधी तसंच वाटायचं.

आणि मग दिवाळीच्या सुमाराला तिनं ठरवलं की आपली एक किडनी द्यायची. रक्तगट जुळला. सगळ्या मंडळीनं उपास धरला. ती रोज रस्त्यानं चालता चालता देवाशी बोलायची, एवढं कर, मग काही मागणार नाही, खरंच नाही. तपासण्या पुढं सरकल्या आणि तिच्याच रक्तात साखर निघाली, तीही बरीच. डॉक्टर म्हणाले, तुमची घेता येणार नाही, आणि घेतली तर उद्या तुम्हीच या कॉटवर याल. त्या दिवशी ती रडली नाही, कोणावर ओरडलीही नाही. फक्त तिचं ते रस्त्यानं चालता चालता बोलणं बंद झालं. देवावर रुसली म्हणावं, तर रुसवा अशा माणसावर धरतात जो समजूत काढायला येईल. तिला वाटायला लागलं होतं की पलीकडे कोणी नाहीच.

म्हणून ह्या महिन्याच्या चिठ्ठीत तिनं 'बरं कर' लिहिलं नाही, 'दया कर' लिहिलं नाही. नुसता हिशेब लिहावा तसं लिहिलं, डायलिसिस, तीन वेळा, चार वर्षं. तुला दिसतंय तर बघ. आणि मनाशी ठरवून टाकलं की ही शेवटची. हॉटेलच्या मालकाला सांगूनही ठेवलं, पुढच्या महिन्यापासून रविवारीही येईन भाकऱ्यांना. घरात मात्र याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सोमवारी ती गूळ न घेताच हॉस्पिटलात गेली. मंगळवारी हॉटेलातून घरी आली तर ओट्यावर दोन किलोची ढेप आणि सुनील खाली बसून बत्त्यानं ती फोडतोय, उजव्या हातानं, हळूहळू.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"चिठ्ठीनं." त्यानं एक खडा उचलून उजेडात धरला. "लय भारी गूळ हाय. वासावरूनच कळतंय."

"खायचा नाही तुला."

"खायचा कुठं म्हटलं? वाटायचा." आणि मग, फोडता फोडताच, तो म्हणाला, "मी पहिल्यांदा त्या वॉर्डात गेलो ना, सकाळच्या पाळीला आम्ही सात जण होतो. नावं सांगू? सातातला मी एकटा राहिलोय, ललिता."

"म्हणून आनंदानं गूळ वाटायचा?"

"आनंदानं कोण म्हणतंय? वाटायचा, एवढंच."

तिनं त्याच्या हातातून बत्ता काढून घेतला आणि उरलेली ढेप चार घावांत फोडून टाकली.

बुधवारी सकाळी सुनीलनं स्टीलचा डबा काखोटीला मारला. वॉर्डाच्या दारातच त्यानं संध्या सिस्टरच्या हातावर गूळ ठेवला. गेली चार वर्षं त्याच्या हातात सुई घालणारी तीच. "काय सुनीलभाऊ, कशाचा?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं तशी ती आधी हसली, मग हातातला गूळ तसाच धरून दुसरीकडे बघत राहिली. वॉर्डातल्या मावशींना दिला, दारावरच्या वॉचमनला दिला. मग डबा ललिताच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "बाहेरच्यांना तू दे," आणि आत मशीनवर जाऊन झोपला.

बाहेर म्हणजे पेशंटची माणसं. लांबलचक गॅलरी, लोखंडी बाकडी, त्यावर रोजचेच चेहरे. ललितानं आजूबाजूला पाहिलं आणि डबा पदराखाली घेतला. कोणत्या तोंडानं उठून सांगायचं यांना? इथं प्रत्येकजण देवाकडे एकच गोष्ट मागत बसलेला.

तेवढ्यात जिन्याकडून एक म्हातारी सावकाश चालत आली आणि नेहमीच्या जागी, ललिताच्या शेजारी, येऊन बसली. ललिता तिच्याकडे बघतच राहिली. ही येवल्याकडची धोंडाबाई. तिचा मुलगा संतोष पैठणी विणायचा. अडीच वर्षं तो सुनीलच्या शेजारच्या कॉटवर असायचा आणि बाहेर या बाकड्यावर दोघी भाकरी वाटून खायच्या. तीन आठवड्यांपूर्वी संतोष घरीच वारला. फोन आला होता.

"मावशी! तुम्ही इकडं कशा?"

"बुधवार हाय ना," धोंडाबाई म्हणाली. "सकाळी उठले, भाकरी बांधली, ष्ट्यांडावर जाऊन उभी राहिले. एष्टीत बसल्यावर ध्यानात आलं. मंग म्हनलं, बसलेच हाय तर जाऊन येते."

ललितानं तिचा हात हातात घेतला. मग म्हातारीची नजर पदराखालच्या डब्यावर गेली.

"काय हाय त्यात?"

"गूळ."

"कशाचा? पोरगी पास झाली व्हय?"

काहीतरी थाप मारावी असं ललिताला वाटलं. पण या बाईला थाप मारायला जीभ उचलेना. "मावशी, राग नका धरू," ती म्हणाली. "आमच्या मंडळीत चिठ्ठी वाचायची चूक झाली. माझं मागणं होतं, ते उपकारात वाचलं. हा... हा सुनीलच्या डायलिसिसचा गूळ आहे."

आता म्हातारी उठून जाणार, नाहीतर रडणार, असं तिला वाटलं. धोंडाबाईनं डबा ओढून घेतला, झाकण उघडलं, आत पाहिलं. मग हात पुढं केला.

"दे."

ललितानं खडा ठेवला. म्हातारीनं तो तोंडात टाकला, दात नव्हते, हिरड्यांनी बराच वेळ चघळला. संपल्यावर पुन्हा हात पुढं केला.

"आता संतोषच्या वाटचा दे."

ललिताचा हात डब्यातच राहिला.

"दे ना, बाई. पहिल्या दिशी डाक्टर मला म्हनले व्हते, आठ दिस. आडीच वर्सं भेटली. मागावर एक पदर अर्धा राहिला व्हता त्याचा, मोरांचा. त्यो पुरा केला, वर आनखी चार केले. मंगळवार-गुरवार मागावर, सोमवार-बुधवार-शुक्करवार हितं. मी रोज बोटं मोडायची, म्हनायची, ह्या तीन वारांनी जीव खाल्ला माझा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता समदे वार मोकळे हायेत बघ. सोमवार काय न् शुक्करवार काय. काय करू मी मोकळ्या वारांचं, सांग बरं?"

ललिताच्या डोळ्यांतून धार लागली. किडनी नाकारली तेव्हा न आलेलं, चार वर्षं भाकऱ्यांवर थापलेलं, सगळं त्या बाकड्यावर बाहेर आलं. म्हातारीच तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. जिचं गेलं ती, जिचं आहे तिला समजावत होती, आणि ललिताला त्याची इतकी लाज वाटली की ती डोळे पुसून उठली.

तिनं मोठ्यातला मोठा खडा निवडून संतोषच्या नावानं म्हातारीच्या हातावर ठेवला. मग डबा घेऊन पहिल्या बाकड्यापासून सुरुवात केली. "घ्या. डायलिसिसचा गूळ. माझ्या नवऱ्याला चार वर्षं झाली, त्याचा." कोणी चमकलं, कोणी हसलं. एका बाईनं घेतला आणि न बोलता ललिताच्या दंडाला हात लावला. शेवटच्या बाकड्यावर एक नवा माणूस होता, त्याच्या बायकोचा तो मशीनवरचा दुसराच दिवस, चेहरा पांढराफटक. त्यानं विचारलं, "किती वर्षं म्हणालात?"

"चार. पूर्ण."

"चार वर्षं जगतात?"

"जगतात. चिडवतात, भांडतात, मुकाट्यानं दोन किलो गूळसुद्धा आणतात," ललिता म्हणाली. त्या माणसानं गूळ खाल्ला नाही. रुमालात बांधून खिशात ठेवला.

अकरा वाजता सुनील बाहेर आला, नेहमीसारखा ओढल्यासारखा. धोंडाबाईला पाहून तिच्या शेजारी बसला. ती काही न बोलता त्याच्या डाव्या हाताकडे वळली. मशीनसाठी तिथली शीर फुगवलेली असते आणि बोट ठेवलं की आतलं रक्त मांजर गुरगुरावं तसं घरघरताना कळतं. घरघर थांबली की धोका. संतोषची ती रोज बघायची. पट्टी सोडून वरच्या बाजूला तिनं तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "चालू हाय."

त्या दिवशी घरी जाताना ललिता रिक्षात काही बोलली नाही, म्हणजे सुनीलशी बोलली नाही. ओठ मात्र हलत होते. सुनीलनं ते पाहिलं आणि शहाण्यासारखा बाहेर बघत बसला.

रविवारी हॉलमध्ये गूळ-शेंगदाण्यांची परात फिरली. ललितानं स्वतःच्या हातानं सगळ्यांना दिलं, अगदी त्या 'विश्वास कमी'वाल्या दोघींनाही. मग समोर जाऊन उभी राहिली. भांडायला उभं राहायची तिला सवय होती, असं उभं राहायची नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "मी चार वर्षं मागतेच आहे. अजूनही मागणार, सोडणार नाही देवाला, सांगून ठेवते. किडनी दिली नाही त्यानं, का दिली नाही मला माहीत नाही, कोणाला माहीत असेल तर त्यानं मला शिकवायला येऊ नये." पुरुषांच्या बाजूला कोणीतरी खोकलं. "पण माझी निकिता आठवीत होती, आता बारावीला आहे. ती सायकल शिकली तेव्हा मागं हा धावला, वीस पावलं धावून बसला, पण धावला. रोज सकाळी मी ह्याच्या हातावर बोट ठेवते. चौदाशे दिवस झाले असतील, चौदाशे वेळा चालू होतं. ते मी कधी मोजलंच नाही, बाकीचं सगळं मोजलं. बुधवारी एका आईनं, जिचा मुलगा गेला तिनं, माझ्यापुढं हात केला. पोराच्या वाटचा गूळ दे म्हणाली." तिनं स्वतःवरच चिडून पदर खोचला. "महिनेच्या महिने मला वाटत होतं पलीकडे कोणी नाही. तो हात बघितला आणि मला वाटलं, आहे. बस्स. प्रभूचे उपकार. आणि गुरुजींच्या चष्म्याचेही उपकार, चुकीचं वाचलं म्हणून."

"आमेन!" मंडळी म्हणाली, आणि या वेळी कशाला म्हणतोय ते सगळ्यांना माहीत होतं.

माणसं पांगल्यावर गुरुजींनी तिला खिडकीपाशी बोलावलं. "चष्म्याचा नंबर बरोबर आहे माझा, ललिताबाई. आता सांगतो. चिठ्ठ्या वाचायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, झाडलोटीची पाळी कोणाची होती?"

"माझी."

"डब्यांची झाकणं धुऊन वाळत कोणी घातली?"

"मी. झुरळांनी घाण..." ती थांबली. तिनं एकदा एका झाकणाकडे पाहिलं, एकदा दुसऱ्याकडे. दोन्ही डबे हुबेहूब सारखे. मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! मीच उलटी बसवली?"

"शनिवारी संध्याकाळी उपकाराचा डबा उघडला तर आतून निघालं, सासूचा गुडघा बरा कर. पोराला नोकरी लाव. तेव्हाच ध्यानात आलं. सगळ्या चिठ्ठ्या ओतल्या आणि हातानं निवडल्या, मागणाऱ्या एकीकडे, मानणाऱ्या एकीकडे. शेवटी तुझी एकच राहिली. त्यात मागणंही नाही आणि मानणंही नाही. उगाच कुठं घालू?"

"मग तुम्ही उपकारात घातलीत?"

"मी कोण घालणारा? घरी आलो होतो विचारायला. तू भाकऱ्यांना गेली होतीस. ज्याचं नाव चिठ्ठीत होतं त्याला विचारलं."

ललिता वळली. सुनील परातीतली शेंगदाण्यांची सालं एका जागी गोळा करत होता, जणू जगात दुसरं काही कामच नाही.

"तू?"

"मग? डायलिसिस माझं हाय का तुझं?" तो म्हणाला. "माझे उपकार कुठल्या डब्यात घालायचे ते मीच सांगणार."

"आणि मी गुरुजींना एवढं बोलले, तेव्हा तोंडात काय धरलं होतंस?"

"तुला अडवायची कोणाची छाती हाय?" गुरुजींनी तोंड फिरवून हसू गिळलं. सुनीलनं परात खाली ठेवली. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "हॉटेलवाल्यानं निकिताला सांगितलं. तू रविवारी पण येणार म्हणून. मला कळलं तू इथलं सोडणार. तुला थांब म्हणून तू थांबली असतीस का? म्हटलं, गूळ अंगावर पडला तर निदान तो वाटेपर्यंत तरी जाणार नाही."

ललितानं त्याचा डावा हात ओढून घेतला, शिरेवर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली, गुरुजी बघतायत की नाही याची पर्वा न करता.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. हॉस्पिटलातून येताना ती हॉटेलात डोकावली आणि मालकाला सांगून आली की रविवारचं विसरा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आधी तिनं चिठ्ठ्या लिहिल्या, या वेळी दोन. एकीवर लिहिलं, 'सुनील भोये यांचं डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा. चार वर्षं एक महिना.' दुसरीवर लिहिलं, 'येवल्याच्या धोंडाबाईंचे सोमवार, बुधवार, शुक्रवार.'

"झाकणं नीट बघून टाक," सुनील दारातून म्हणाला.

"तू गप बस," ती म्हणाली. तिनं दोन्ही झाकणं उघडली, आतल्या जुन्या चिठ्ठ्या वाचून खात्री करून घेतली, मग पहिली चिठ्ठी उपकारात टाकली आणि दुसरी विनंतीत.